वहिनींना सगळं पाठ असतं

३ जून

पोचले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि अण्णांनी बळेबळे कोंबलेली ही वही, एवढा संसार घेऊन आज नव्या गावात, नव्या नोकरीत दाखल झाले. अण्णांचं म्हणणं, फोनवर बोटं नाचवून तुझं अक्षर बिघडलंय, रोज थोडं हाताने लिहीत जा. बघू किती दिवस उत्साह टिकतो ते.

खोली दुकानाच्या वरच आहे, हे फार बरं झालं. जिना दुकानाच्या आतूनच वर येतो. म्हणजे उठायचं, तोंड धुवायचं, चार पायऱ्या उतरायच्या की कामावर हजर. उशीर झाला म्हणून थापा मारायची सोयच नाही. एक खाट, एक टेबल, भिंतीतलं कपाट आणि पाणी सोडण्याआधी दोनदा खोकणारा नळ. खिडकीतून मागचं अंगण दिसतं. तिथे रिकाम्या खोक्यांचा डोंगर रचलाय.

दुकान मात्र झकास! लांबच्या लांब पांढरी टेबलं, त्यांवर ओळीने फोन, आणि प्रत्येक फोन मागच्या वायरने दावणीला बांधल्यासारखा. माझी जागा मदतीच्या काउंटरवर. ज्यांना अक्षरं बारीक दिसतात, ज्यांचे फोटो हरवतात, ज्यांचा फोन रुसून बसतो, ते सगळे माझ्यापुढे येणार.

मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणतात. कोणाच्या वहिनी ते विचारायची पद्धत नसावी. ठेंगण्या, हसऱ्या, कमरेला कायम पिवळं फडकं खोचलेलं. मी जेवले का हे त्यांनी येता-जाता विचारलं. दुसरा कामाला आहे तो इतकं साखरेत घोळलेलं बोलतो की मी मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवून टाकलं.

अण्णांना पोचल्याचं कळवलं. मोठ्या तापात अण्णांचे दोन्ही कान गेले, तेव्हापासून आमचं सगळं बोलणं मेसेजवर. ते एका बोटाने टाइप करतात. त्यांचं 'बरं' येईपर्यंत माझा चहा निवतो. आज मात्र बऱ्याच वेळाने चक्क एक ओळ आली: बाईसाहेब, जेवा आणि निजा. वाचून हसू आलं. आई गेल्यापासून आम्ही दोघंच एकमेकांना. इथे जरा जम बसला की त्यांना घेऊन येणार, हे मी ठरवूनच टाकलंय.

४ जून

पहिला दिवस पार पडला. सकाळी खाली आले तर वहिनी पिवळ्या फडक्याने काच पुसता पुसता काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं गाणं असेल. जवळ गेले तर 'मोठी विहीर नव्वद, राजा सहा सहा, पिवळं फूल बारा' असलं काहीबाही, पाढे म्हणावेत तसं. गोडबोल्याने सांगितलं, ते गिऱ्हाइकांचे पासवर्ड आहेत. लोक विसरतात आणि मग रडत दुकानात येतात. म्हणून फोन विकतानाच वहिनी पासवर्ड विचारून ठेवतात आणि रोज सकाळी उजळणी करतात. कागदावर एक अक्षर नाही. वहिनींचं म्हणणं, अगं, लिहिलेलं चोरीला जातं, पाठ केलेलं कोण नेणार?

त्यांना या गोष्टीचा केवढा अभिमान! आणि ऐकायला पटतंसुद्धा.

मग त्यांनी माझा विचारला. इथली रीतच आहे म्हणे. आपण लोकांचं सगळं बघतो, तर आपलं एकमेकांपासून झाकलेलं नको. गोडबोल्याने स्वतःचा पासवर्ड आपलं नाव सांगावं इतक्या सहज सांगून दाखवला. आता मी काय करावं? याच मी अण्णांना बजावून ठेवलंय की दुकानातला माणूस कितीही गोड बोलला तरी पासवर्ड तोंडाने सांगायचा नाही, फोन त्याच्या हातात द्यायचा नाही, टाइप आपण करायचं आणि त्याला तोंड तिकडे करायला लावायचं. तेव्हा अण्णांनी विचारलं होतं, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधू का?

पण सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्याच दिवशी मीच एकटी शिष्ट ठरायचं का? सांगितला. वर वहिनींनी माझ्या खात्यात दुकानाचा नंबरही घातला. म्हणाल्या, कधी अडलं तर खुणेचा आकडा, तो ओटीपी, काउंटरवरच्या फोनवर येईल, तुला धावपळ नको. माझा पासवर्ड त्यांनी एकदा ओठांतल्या ओठांत म्हटला आणि गालावर हलकेच चापट मारली. जाऊ दे. माझ्या खात्यात असं काय सोनंनाणं आहे?

११ जून

काम अंगवळणी पडतंय. आज एका आजोबांच्या फोनचा आवाज तीन वर्षं बंद होता तो मी सुरू केला. ते दचकून मलाच रागावले.

इथे एक शब्द सारखा ऐकू येतो, सांभाळणं. आज एक शिंपीणकाकू आल्या. वहिनी त्यांना म्हणाल्या, तुमच्या बहिणीचे चार मेसेज आले होते, तुम्ही लग्नाच्या कपड्यांत गळ्यापर्यंत बुडालेल्या, म्हणून आम्हीच उत्तरं दिली हो, ती खूश आहे. मला वाटलं आता भडका उडणार. तर काकूंनी वहिनींचे हात हातात घेऊन आभार मानले! गोडबोल्या दुपारी डबा खाता खाता हेच करत असतो. एका हातात घास, दुसऱ्या हाताने कोणाकोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मला हे जरा खटकलं. पण लोकांनाच हवंय तर मी कोण नाक मुरडणारी?

मलाही थोडे पासवर्ड पाठ करायला दिलेत. लाज वाटते लिहायला, पण पटकन पाठ झाले.

१९ जून

माझ्या कपाटात तळाशी एक पुरुषी स्वेटर सापडला. बाह्या इतक्या लांब की मी त्यात दोनदा मावेन. माझ्या आधी या काउंटरवर जो मुलगा होता त्याचा. उंचीमुळे त्याला सगळे शिडी म्हणत. तो गेला कुठे विचारलं तर गोडबोल्या म्हणाला, दुसऱ्या शाखेत. दुसरी शाखा कुठे आहे विचारलं तर म्हणाला, वहिनींना माहीत. वहिनींना विचारलं तर त्यांनी मी जेवले का ते विचारलं.

संध्याकाळी शिडीची आई आली. सगळे तिला मावशी म्हणतात. फोनवरची अक्षरं मोठी करून हवी होती. कौतुकाने मला लेकाचे मेसेज दाखवले. रोज येतात, एक दिवस खाडा नाही. काल दुपारचा होता, 'आई, जेवणाची आबाळ करू नकोस.' काल दुपारी माझ्यासमोर डबा खाता खाता गोडबोल्याने विचारलं होतं, आबाळ हा शब्द बरा वाटतो का?

मी अक्षरं मोठी करून दिली. बोलायला हवं होतं का? रात्रभर हेच डोक्यात राहणार.

२२ जून

आज अण्णांनी लिहिलं, काल तू इतकं मनातलं लिहिलंस, आईनंतर कोणी माझ्याशी असं बोललं नव्हतं.

काल मी काहीच लिहिलं नव्हतं. काल काउंटरवर इतकी गर्दी होती की पाणी प्यायलाही फुरसत नव्हती.

वर जाऊन पाहिलं. माझ्या नावाने भलामोठा मेसेज. अण्णा, तुमची फार आठवण येते, तुमच्या हाताचा चहा, तुमचं खोकणं, सगळं. मी असं कधी लिहीत नाही. मी आपली जेवले, झोपते, छत्री न्या, यापलीकडे जात नाही. माझ्यापेक्षा चांगली मुलगी लिहीत होती ती.

वहिनींपुढे फोन आपटला. त्या जराही रागावल्या नाहीत. म्हणाल्या, म्हातारा माणूस तिकडे वाट बघत बसतो, तुला वेळ नसतो, त्यांना बरं वाटलं की नाही? मग झालं तर!

खोलीत येऊन पासवर्ड बदलला आणि विसरू नये म्हणून या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला. खुणेचा आकडा कुठे गेला असेल याचा विचारच केला नाही. थोड्या वेळाने खालून गोडबोल्याने जिन्यात तोंड घालून आकडा ओरडून सांगितला. अगदी प्रेमाने.

२३ जून

सकाळी वहिनी काच पुसत होत्या. 'मोठी विहीर नव्वद, राजा सहा सहा', आणि मग माझा नवा पासवर्ड. मी जिन्यातच थबकले. काचेत त्यांना मी दिसत होते. त्यांनी तो पुन्हा म्हटला, नीट पाठ व्हावा म्हणून.

दुकानाचा नंबर खात्यातून काढायला गेले. तो काढायलाही आकडा लागतो. आकडा त्याच नंबरवर येतो. तासभर डोकं आपटलं. आत शिरायचा रस्ता एकच आणि त्यावर वहिनी बसलेल्या.

पोलीस चौकीत जाऊन आले. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसून स्वतःचा फोन दाखवला. आमचाही त्यांच्याकडचाच हो, बायकोशी भांडण झालं तर वहिनीच मिटवतात.

२७ जून

शिडी आता माझ्याकडे. म्हणजे त्याचं खातं. गोडबोल्याकडे फार झालीत म्हणे, मावशींना रोज दुपारी तू लिहीत जा. नाही म्हटलं. वहिनी शांतपणे म्हणाल्या, मग आज मावशींना काहीच जाणार नाही, तूच बघ त्यांचं वाट पाहणारं तोंड.

मावशी चारच्या सुमाराला आल्याच. फोन घट्ट धरून, आज आला नाही गं, बिघडलाय का बघ. माझ्याने राहवलं नाही. त्यांना बाहेर फुटपाथवर नेलं आणि सांगून टाकलं. तो लिहीत नाही. कोणीतरी दुसरं लिहितं. तो कुठे आहे हे इथे कोणी सांगत नाही.

मावशी बराच वेळ पिशवीचा बंद गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, माझ्या पोराने जन्मात मला जेवलीस का विचारलं नाही, मला काय कळत नाही होय? लिहीत असेल कोणी तर लिहू दे. तेवढं थांबवू नका.

आणि आत जाऊन त्यांनी वहिनींना सांगितलं, ही मुलगी मला भलतंसलतं बोलते.

२८ जून

माझ्याच खात्यातून मला बाहेर काढलंय. फोन म्हणतो, पासवर्ड चुकीचा.

वहिनी रागावल्या नाहीत. त्या रागावतच नाहीत. चहा दिला. म्हणाल्या, आमच्याकडून कोणी तुटत नाही गं.

एक गोष्ट आज कळली. ज्याचे मेसेज घरी पोचतात, त्याला कोणी शोधायला निघत नाही. शिडीला कोणी शोधलं नाही. त्याच्या आईनेही नाही. उद्या मी दिसेनाशी झाले तर अण्णांना रोज दुपारी एक मेसेज जाईल. छान, लांबलचक. अण्णा खूश असतील.

इथून निघायला हवं. अण्णांपर्यंत पोचायला हवं, बास.

३० जून

काल सकाळी फक्त पर्स आणि ही वही घेऊन उतरले. कोणी अडवलं नाही. गोडबोल्याने तर दार उघडून धरलं. अण्णांना नमस्कार सांग, म्हणाला.

संध्याकाळी घरी पोचले. दाराला कुलूप.

शेजारच्या काकू बाहेर आल्या आणि मला बघून चक्रावल्याच. तू इथे कशी? ते तर आज पहाटेच बॅग घेऊन तुझ्याकडे गेले. तूच बोलावलंस ना? किती खुशीत होते, नवा शर्ट घालून गेले.

काकूंच्या फोनवरून अण्णांना लिहिलं. अण्णा, मी घरी आहे, त्या दुकानात थांबू नका, कोणाला काही सांगू नका, आहात तिथून निघा.

उत्तर आलं. मुलगी इथे माझ्याशेजारीच बसली आहे. कृपया त्रास देऊ नये.

लगेच आलं. मी फोन खाली ठेवायच्या आत. अण्णांना एवढं लिहायला अर्धा तास लागतो.

म्हणजे त्यांचाही पासवर्ड — विचारला असेल गोड बोलून. आणि अण्णांनी तो सांगितला असेल, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मी बजावलेलं विसरले नसतील. पण त्यांना वाटलं असेल, हे तर माझ्या मुलीचंच दुकान.

पहाटेच्या गाडीने परत जाते आहे. दुसरा इलाजच नाही. रात्रभर काकूंकडे बसून आहे, झोप कसली.

१ जुलै

अण्णा सुखरूप आहेत. माझ्या काउंटरवर, माझ्या स्टुलावर, नवा फोन मांडीवर. मला बघितलं आणि उठून घट्ट मिठी मारली. रडत होते.

मी त्यांचा हात धरून दाराकडे ओढलं. ते हलेनात. या वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, अण्णा चला, हे लोक माझ्या नावाने लिहितात. त्यांनी वाचलं. मान हलवली, आजारी पोराला बघून हलवावी तशी. आणि मला फोन दाखवला.

महिनाभराचे मेसेज. माझ्या नावाने, पण माझ्या फोनवर कधीच न दिसलेले. अण्णा, मला हल्ली बरं नसतं. अण्णा, मला वाटतं दुकानातले लोक माझे शब्द चोरतात, मला माहीत आहे हा भ्रम आहे. अण्णा, मी कदाचित तुम्हाला म्हणेन की चला इथून पळू, वहीत लिहून दाखवेन, तेव्हा माझं ऐकू नका. मला इथेच ठेवा. इथे माझी काळजी घेतात. तुम्ही या.

मी ओरडले. अण्णांना ऐकू आलं नाही. त्यांना फक्त दिसलं, त्यांची मुलगी तोंड वासून किंचाळते आहे.

३ जुलै

अण्णा वरच राहतात माझ्याबरोबर. वहिनींनी दुसरी खाट घातली. माझा फोन वहिनींनी खाली ठेवून घेतला. जिन्याच्या दाराची किल्ली अण्णांच्या खिशात. माझ्यासाठीच. मी कुठे निघून जाऊ नये म्हणून.

रागावता तरी कसं येणार त्यांच्यावर? माझे केस विंचरून देतात. लहानपणी द्यायचे तसे, गुंता ओढत.

वहीत लिहिलेलं वाचतात आणि डोळे पुसतात. मी जे जे लिहीन, ते सगळं तिने आधीच सांगून ठेवलंय. ती. मी तिला ती म्हणायला लागले.

६ जुलै

शिडीचा स्वेटर आज कपाटात नाही. गोडबोल्या खाली कोणाला तरी सांगत होता, ती ना, ती आता दुसऱ्या शाखेत —

काउंटरवर नवी मुलगी आली असावी, खालून आवाज येतो. वहिनी तिला जेवलीस का विचारतात.

दारापर्यंत जाऊ देत नाहीत. अण्णाच जाऊ देत नाहीत.

८ जुलै

वहिनींनी माझा फोन आणून दिला. खातं उघडं. म्हणाल्या, वडिलांशी बोल, मन मोकळं होईल.

हात लावला नाही. सकाळपासून टेबलावर आहे तो.

काय करणार पण? वही ते मानत नाहीत. ऐकू त्यांना येत नाही. ते मानतात ते फक्त त्या काचेवर येतं ते —

९ जुलै

अण्णांचा मेसेज! दुपारी खिडकीशी बसले होते, फोन वाजला. बाईसाहेब, मला शंका येते. ही खरी तू की ती? फक्त आपल्या दोघांना ठाऊक असलेली, कधी कुठे न लिहिलेली एक गोष्ट सांग. पटलं तर आज तुला घेऊन जातो.

देवा. अण्णांना कळलं. कळलं त्यांना!

आहे अशी गोष्ट. आई गेली त्या दिवशी अण्णा न्हाणीघरात नळ सोडून रडत होते. आवाज येऊ नये म्हणून. मी बाहेर दाराला पाठ लावून बसले होते. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, ओल्या हाताने माझं नाक पुसलं. आम्ही दोघं त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. कुठे लिहिलं नाही. आज पहिल्यांदा —

पाठवलं.

पाठवलं! आता उठतील. किल्ली काढतील आणि —

उठत नाहीत.

झोपलेत. समोर, खाटेवर. केव्हाचे झोपलेत? दोन्ही हात पोटावर, रिकामे. फोन उशाशी नाही. खिशात नाही. सकाळी वहिनी घेऊन गेल्या ना खाली, अक्षरं आणखी मोठी करून देते म्हणून —

परत वाजला.

अण्णा लिहितात, शाब्बास बाईसाहेब. आता आणखी एक